ग्राऊंडच्या तारखेसाठी थांबवलेली पाळी

"गुडघ्याच्या मागच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. वर मांडीपर्यंत गेलीय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

माझ्या डाव्या पायाला थंड जेल लावलेली होती. मॅडम सोनोग्राफीचं यंत्र पोटरीवरून वर सरकवत होत्या आणि प्रत्येक ठिकाणी जरा दाबून बघत होत्या. या तपासणीला व्हीनस डॉप्लर म्हणतात. शीर मोकळी असेल तर दाबल्यावर चपटी होते. माझी होत नव्हती.

या आजाराचं नाव डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्त गोठणं. डॉक्टर त्याला डीव्हीटी म्हणतात.

"वय किती?"

"तेवीस."

"पाय मोडला होता? ऑपरेशन? खूप दिवस अंथरुणाला होतीस?"

"नाही. मी रोज पळते. पोलीस भरतीची तयारी करते."

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

माझी माय उशाशी उभी होती. तिच्या हातात माझी ओढणी होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नाही."

मी खोटं बोलले. माझ्या बॅगेत, मोज्यांच्या जोडीत गुंडाळलेलं, गर्भनिरोधक गोळ्यांचं आठवं पाकीट होतं.

*

मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीची. घरी थोडी कोरडवाहू जमीन, सात-आठ शेळ्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेत आणि शेळ्या सोडून कुठं जात नाहीत. मी बी.ए. झाल्यावर परभणीत खोली करून राहिले. सोबत मीना होती, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच भरतीच्या मागं लागलेली.

मुलींच्या भरतीला आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. आधीच्या भरतीत माझं ग्राऊंड, म्हणजे मैदानी चाचणी, नेमकी पाळीच्या पहिल्या दिवशी आली. मला पहिल्या दिवशी उभं राहवत नाही, पोटात पीळ पडतो, उलटी होते. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत मी थांबले, ओकले, पुन्हा पळाले. मार्क गेले. एवढ्यानंच यादीतून नाव गेलं.

नवी भरती निघाली तेव्हा मीनानं उपाय सांगितला. "पाकिटात एकवीस पांढऱ्या आन् सात तपकिरी गोळ्या असत्यात. तपकिरी लोहाच्या. त्या खायच्याच न्हाईत. पांढऱ्या संपल्या की लगेच दुसरं पाकीट उघडायचं. पाळी येतच न्हाई. मी दोन म्हैन्यांपासून घ्यायले."

दुकानात मी सांगितलं, वहिनीसाठी पाहिजेत. मला वहिनीच नाही.

दिवाळीच्या आधी सुरू केलं. पहिली तारीख वीस दिवसांवर होती, मग ती पुढं गेली. नवी तारीख महिन्यावर आली आणि तीही गेली. दर वेळी ग्राऊंड इतकं जवळ दिसायचं की मध्येच बंद करायची हिंमत व्हायची नाही. बंद केलं आणि नेमकी त्याच दिवशी आली तर? असं करत साडेपाच महिने गेले. एकदाही कुणी माझा बीपी बघितला नाही, घरात कुणाला काय आजार होता ते विचारलं नाही. विचारणार कोण? मी कुणाकडं गेलेच नव्हते.

आणि खरं सांगते, मला ते दिवस आवडले होते. पॅडची काळजी नाही, डागाची भीती नाही, घरी गेल्यावर पाच दिवस बाजूला बसणं नाही. माय विचारायची, "झाली का गं तुझी अडचण?" मी म्हणायचे, "मागच्याच आठवड्यात झाली, खोलीवर." माझा आठशे मीटरचा वेळही सुधारला होता.

मार्चमध्ये डावी पोटरी दुखायला लागली. पळण्याचा सराव घेणारे सर म्हणाले क्रॅम्प असेल, बर्फ लाव. लावला. दोन दिवस विश्रांतीला बोरीला गेले. मायनं तेल कोमट करून पाय चोळला. सकाळी, संध्याकाळी, अंगातलं सगळं बळ लावून. मी ओरडायचे तर म्हणायची, "सोस जरा. शीर मोकळी होयाली."

तिसऱ्या दिवशी डावा पाय उजव्याहून जाड दिसायला लागला. कातडी ताणलेली, गरम, निळसर. गावातल्या डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या आणि म्हणाले, इथं थांबू नका, परभणीला जा. आम्ही बस धरली.

*

त्या दुपारी मला भरती करून घेतलं. पोटाच्या कातडीत हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू झालं. त्यानं रक्त पातळ राहतं, गुठळी वाढत नाही.

संध्याकाळी मॅडम पुन्हा आल्या. फाईल चाळत म्हणाल्या, "या वयात उगीच गुठळी होत नाही. कारण शोधावं लागेल. शारदा, मी स्पष्टच विचारते. गर्भनिरोधक गोळ्या वगैरे?"

माझ्या आधी माय बोलली. "मॅडम, लगीन व्हायचंय तिचं. काय बी काय विचारायलाव?"

शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी चादरीकडं बघितलं. त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

तेव्हा मला कळलं होतं. गोळ्यांचा आणि पायाचा काहीतरी संबंध आहे, म्हणूनच त्या विचारतायत, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तरीही सात वाजता मी बाथरूममध्ये गेले, मोज्यातलं पाकीट काढलं आणि त्या दिवसाची गोळी नळाच्या पाण्याबरोबर गिळली. ग्राऊंड नऊ दिवसांवर होतं. मी हिशेब करत होते, चार दिवसांत सुट्टी मिळाली तर पाच दिवस उरतात.

ज्यांना हे वाचून माझा राग येईल, त्यांनी जरूर धरावा. मलाही अजून येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडताना उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं झालं. श्वास आत घेतला की कळ. अर्धाच श्वास घेता यायला लागला. मग तेवढाही येईना. मी तोंड उघडं टाकून मायचा हात धरला. ती ओरडत बाहेर पळाली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ऑक्सिजनचा मास्क, बोटाला चिमटा, कुणीतरी म्हणतंय, "सॅच्युरेशन पडतंय."

सीटी स्कॅनला नेण्याआधी लघवी तपासायला घेतली. माय विचारत होती, "ही कशाची तपासणी?" नर्स म्हणाली, "दिवस गेलेत का बघायला. सगळ्या बायकांची करतात, मावशी." त्या श्वास न येण्याच्या हालतीतसुद्धा मला मायचा चेहरा दिसला. तिला माझ्या मरणाइतकीच त्या तपासणीची भीती वाटली होती.

तपासणीत काही निघालं नाही. स्कॅनमध्ये निघालं. पायातल्या गुठळीचे तुकडे सुटून फुप्फुसात जाऊन अडकले होते. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. तुकडा मोठा असता तर सांगायला मी राहिले नसते.

*

आयसीयूत दिवस कळत नाही. दिवे सारखेच. माझ्या डाव्या बाजूच्या खाटेवर एक आजी होत्या, त्या दुसऱ्या दिवशी नव्हत्या. मी श्वास मोजायचे. प्रत्येक श्वासाला वाटायचं, हा अर्धवट राहणार.

तिथं एक सिस्टर होत्या, पालमच्या. बोलणं आमच्यासारखंच. दुपारी माय भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "मावशी, तुमी कालपासून काही खाल्लं न्हाई. खाली जाऊन च्या घेऊन या. मी हाय हितं." माय गेली. सिस्टरनी पडदा ओढला आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"कोण हाय न्हाई, ते मला विचारायचं न्हाई. फकस्त गोळ्या घेतेस का न्हाई, तेवढं सांग. मॅडमला औषध ठरवायला लागतंय."

मी मास्कच्या आतून म्हणाले, "घेते. पळायसाठी घेते."

"कदीपासून?"

"दिवाळीपासून. मध्ये थांबलेच नाही."

"हितं आल्यावर?"

मी एक बोट वर केलं. त्यांनी डोळे मिटले. मग माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." त्या रागावल्या नाहीत. मला मात्र रडू फुटलं, आणि रडलं की श्वास अडकायचा, म्हणून रडताही येत नव्हतं.

मॅडम आल्या. त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिते, कारण यात लोकांचे फार गैरसमज आहेत.

"या गोळ्या म्हणजे विष नाही. पाळी न येऊ देता त्या सलग घेणंही काही बायकांना आम्हीच सांगतो. पाळीचं रक्त आत साठत नाही, गोळीमुळं गर्भाशयाचं अस्तरच फार वाढत नाही. पण यातल्या इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनमुळं रक्त गोठण्याचा धोका वाढतो. बहुतेकींना काही होत नाही. काहींना होतं. कुणाला होऊ शकतं ते आधी विचारून, तपासून ठरवायचं असतं. तुझ्या घरात कुणाला असं झालं होतं का?"

मला माहीत नव्हतं. मॅडमनी मायला आत बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. माय आधी नाही म्हणाली. मग थांबून म्हणाली, "माझी धाकली बहीन. बाळंतपनात गेली. अकराव्या दिवशी. पाय सुजला व्हता, मग दम लागला. बाळंतवात म्हनले समदे."

मॅडम म्हणाल्या, "तो बाळंतवात नव्हता, मावशी. बहुतेक हेच होतं."

मायची ती बहीण, माझी मावशी, गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. घरात तिचा विषय निघाला की माय उठून जायची. त्या दिवशी ती उठून गेली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

*

मायला गोळ्यांचं मीच सांगितलं. वॉर्डात आणल्यावर, संध्याकाळी. ती संत्र्याच्या फोडी सोलत होती. तिनं ऐकलं, फोड ताटलीत ठेवली आणि विचारलं, "कोन हाय त्यो?"

"कोणी नाही. पाळी येऊ नये म्हणून घेतल्या. ग्राऊंडसाठी."

"शपथ घे."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. तिला पटलं की नाही माहीत नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भरवायची, केस विंचरायची, भांडं द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. त्या दोन दिवसांइतकी मी आयसीयूतही घाबरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मॅडम राउंडला आल्या आणि सूचना द्यायला लागल्या. लांब बसून राहायचं नाही, पायात घट्ट मोजा घालायचा, पाय अजिबात चोळायचा नाही.

मायनं विचारलं, "चोळल्यानं काय हुतंय?"

मी मॅडमना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांचं लक्ष फाईलमध्ये होतं. "गुठळी सुटून वर जाऊ शकते," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी माय जेवली नाही. खाटेखाली पिशव्या लावत बसली, काढत बसली, पुन्हा लावत बसली. मग अचानक म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं गं? मारलंच असतं की. लय मारलं असतं. पन दवाखान्यात तरी न्हेलं असतं. पाय चोळत बसले नसते."

"तुझी चूक नाही, माय."

"मंग कोनाची?"



ग्राऊंडचा दिवस वॉर्डातच उजाडला. आदल्या दिवशी मी मॅडमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. "फक्त दोन तास सोडा. गोळाफेक तरी करते." त्या म्हणाल्या, "शारदा, तू बाथरूमपर्यंत जाऊन दाखव." मी गेले. परत येताना दाराला धरून उभी राहिले. खाटेपर्यंत पाच पावलं होती, ती मला पार करता आली नाहीत.

मीनाला मी आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, गोळ्या बंद कर म्हणून विनवलं होतं. ती घाबरली, रडली, आणि म्हणाली, "ग्राऊंड झाल्याबरोबर बंद करते बघ. आता चार दिवसांसाठी कशाला?" मी तिला शिव्या देऊ शकले नाही. तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते. तिला काही झालं नाही. ती चांगली पळाली, यादीत आली, आता ट्रेनिंगला आहे. तिला काही होऊ नये अशी प्रार्थना मी करत होते, आणि तिचा निकाल कळला तेव्हा उशीत तोंड घालून ओरडले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

*

घरी आल्यावर सुटले असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

मला रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी सहा महिन्यांसाठी दिली होती. दर पंधरा दिवसांनी परभणीला जाऊन आयएनआर ही तपासणी करायची. रक्त किती वेळात गोठतं ते त्यात कळतं. पालेभाजीनं या औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून ती रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस खूप आणि एक दिवस काहीच नाही असं चालत नाही.

आणि पाळी आली. ती थांबेचना. रक्त पातळ केलेलं, त्यात पाळी. अर्ध्या तासाला पॅड भिजायचं. पाचवा दिवस, सातवा, नववा. अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढं काळं व्हायचं. जी गोष्ट साडेपाच महिने अडवून धरली होती, ती आता मला रिकामी करायला निघाली होती. मला वाटायचं, गुठळीनं नाही मेले, आता अशी मरणार. एका दुपारी मी अण्णांना म्हणाले, "मला पुन्हा दवाखान्यात नेऊ नका. बास झालं." अण्णा शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी हातातला पाला खाली टाकला आणि गाडी शोधायला गेले.

पुन्हा भरती. हिमोग्लोबिन साडेपाच. दोन पिशव्या रक्त चढवलं, औषधाचा डोस बदलला, तेव्हा ते आटोक्यात आलं.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली. आमच्या घरात पाळीला पाच दिवस वेगळं अंथरूण, वेगळं ताट. त्या नऊ दिवसांत मायनं माझे कपडे धुतले, मला धरून न्हाणीत नेलं आणि मग त्याच हातांनी चुलीवर भाकरी टाकली. ती पद्धत आमच्या घरातून अशीच, न सांगता गेली.

सहा महिन्यांनी औषध बंद झालं. नंतर केलेल्या तपासणीत कळलं की रक्त लवकर गोठण्याची खोड माझ्या अंगातच आहे, घराण्यातून आलेली. या गोळ्या मला कधीच चालणार नाहीत. पुढं बाळंतपण आलं तर त्या काळात इंजेक्शनं घ्यावी लागतील. हे मला माहीत आहे, मावशीला माहीत नव्हतं. संध्याकाळी पाय अजून सुजतो. मी पुन्हा पळायला लागलेय, पण आठशे मीटरला पहिल्यासारखा वेळ येत नाही, आणि येईल असं वचन कुणी देत नाही. भरतीला वयाची अट आहे, आणि वय पुढं चाललंय. काही सकाळी ग्राऊंडच्या कडेला बसूनच परत येते.

माझ्यासारख्या मुलींना एवढंच सांगते. पाळी पुढं ढकलायची असेल तर ढकला, त्यात पाप नाही. पण डॉक्टरला विचारून. घरात कुणाला गुठळी झाली होती का, कोण बाळंतपणात गेलं, ते आईला खोदून विचारा. एकच पाय सुजला, दुखला, गरम झाला, दम लागला, एकाएकी फार डोकं दुखलं तर थांबू नका. आणि डॉक्टरशी खोटं बोलू नका. आई उशाशी असेल तर तिला बाहेर पाठवायला सांगा. पालमच्या त्या सिस्टरनी ते माझ्यासाठी न सांगता केलं. त्यांची बदली झाली, मला त्यांना भेटता आलं नाही. त्यांचे उपकार इथं लिहून ठेवते.

यंदा महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात गल्लीतली एक नवी सून आमच्या घरी आली. पदराच्या गाठीत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या होत्या, सासूनं आणून दिलेल्या. माझं ऐकून होती, म्हणून विचारायला आली. तिला डोकेदुखीचा त्रास होता, अर्धं डोकं दुखायचं आणि आधी डोळ्यांपुढं चमकायचं. मी म्हणाले, "अशा डोकेदुखीत धोका असू शकतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही घेऊ नकोस."

"न्हाई घेतली तर सैपाकाला कोन? घरात मी एकटीच हाय करनारी. सासूला काय सांगू?"

माय ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पायात चपला घातल्या आणि त्या घराकडं चालू लागली. तिथं काय बोलणं झालं ते मला आजही पूर्ण माहीत नाही. आवाज गल्लीपर्यंत येत होता एवढं खरं.

अर्ध्या तासानं परत आली. चपला काढल्या, पुन्हा सूप पुढ्यात ओढलं.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

"पाळी आली तर येऊ दे," माय म्हणाली. "तुमच्या महालक्ष्म्यांचा सैपाक मी करनार हाय."